मुकादम आणि एकेचाळीस मणी

चांदीचे दागिने हाताने घडवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली फुंकणीताई म्हणायची. खरं नाव कागदोपत्री होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळून बघायची नाही; दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असतील असंच तिला वाटायचं. नाव पडलं ते तिच्या दमामुळे. तिचे वडीलही चांदीकामच करायचे. पितळी फुंकणीने ज्योतीवर फुंकर मारायची आणि दागिन्यांचे जोड वितळवायचे, ही त्यांची पद्धत. वय झालं तसा त्यांचा दम पुरेना, तेव्हा लेकीने फुंकणी तोंडाला लावली. नाकाने श्वास आत, गालांतून बाहेर, मधे खंड नाही. अख्खी साखळी एका दमात. पुढे गॅसची बत्ती आली, वडील गेले, तरी बारीक कामाला ती फुंकणीच वापरायची. आणि बोलायचीही तशीच. दिवसभर ओठ मिटलेले, आणि मग एकदम, मधे श्वास न घेता, सगळं.

लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "तेव्हा हातात काम होतं," एवढंच सांगायची. मोठ्या भावाच्या घरात मागची खोली तिची. पुढच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी. दादा कोर्टात कारकून, वहिनी घरीच शिवणकाम करायची. मागच्या खोलीत खिडकीखाली लाकडी ओंडक्यावर ऐरण, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कानशी आणि दाराशी निळ्या झाकणाची चिनी मातीची बरणी. बरणीत तेजाब. दागिना आगीतून निघाला की काळवंडतो. तेजाबात बुडवला की पांढराशुभ्र होऊन बाहेर येतो. सत्तावीस वर्षं ती बरणी तिथे होती आणि तिच्याशी कुणाचं वाकडं नव्हतं.

मग दादाची पँट फाटली.

फाटली म्हणजे कुठे, तर कोर्टात. न्यायाधीशबाई आत आल्या, सगळे उठून उभे राहिले, दादाही उठला, आणि त्याच्या पँटचं बूड मात्र खुर्चीवरच बसून राहिलं. फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. दादाने पाठीमागे एक जाड फाइल धरली आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा चालत कामकाज केलं. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून दोनदा बघितलं, पण त्या विषयाची दखल घेतली नाही.

घरी वहिनीने ती पँट उजेडाला धरली. चाळणी झाली होती.

"हे कापड जुनं होऊन विरलेलं नाही, वन्सं," ती म्हणाली. "हे कुणीतरी खाल्लंय."

कुणी ते कळायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी फुंकणीताईने बरणीतलं जुनं तेजाब अंगणातल्या गटारात ओतलं होतं. गटाराच्या वरच कपडे वाळत घालायची दोरी. शिंतोडे उडाले असणार.

"एक तर ही बरणी घराबाहेर जाईल, नाहीतर ह्यांच्या सगळ्या पँट घेऊन मी माहेरी जाईन," वहिनी म्हणाली.

"पँट घेऊन? आणि मी?" दादाने विचारलं.

"तुम्ही राहा की इथेच. आहात तसे."

 दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकणीताई अंगणात उभी राहून त्या गटाराकडे बघत राहिली. चार शिंतोड्यांनी पँटची ही गत झाली, मग जे सगळंच्या सगळं खाली वाहून गेलं त्याने काय केलं असेल? असा प्रश्न तिला सत्तावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. ती चपला घालून निघाली आणि गटाराच्या कडेकडेने चालत राहिली. लाँड्रीच्या मागून, सायकलच्या दुकानाच्या बाजूने, शाळेच्या भिंतीखालून. तासाभराने गटार एका ओढ्याला मिळालं. ओढ्यात दोन बदकं पोहत होती. एकाने डोकं पाण्यात घातलं, बाहेर काढलं, आणि हिच्याकडे बघून जोरात ओरडलं.

घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बदकाला सगळं माहीत आहे," ती वहिनीला म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून फुंकणीताई बदलली. आणि ती अर्धवट बदलणाऱ्यांतली नव्हती.

पहिल्यांदा गेलं तेजाब. ते मारायला धुण्याचा सोडा घालायचा असतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं; चिमूटचिमूट घालायचा असतो, हे सांगायचं राहिलं. तिने किलोभर एकदम ओतला. बरणीतून फेस उसळला, ओसरीवरून अंगणात आला, आणि दादा दाराच्या आत खुर्चीवर पाय वर घेऊन ओरडत राहिला, "हे वाढतंय गं! फुंकणी, हे अजून वाढतंय!" फेस बसल्यावर उरलेलं पाणी तिने गटारात जाऊ दिलं नाही. पुसून, पिळून, डब्यात भरून घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे स्वतः नेऊन दिलं.

तेजाबाच्या जागी आलं लिंबूसत्त्व. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून दागिना तासभर ठेवला की तोही पांढरा निघतो. फक्त घाई करून चालत नाही. या कामाला तिने एक जुनं पातेलं घेतलं आणि कुणी चुकून पिऊ नये म्हणून त्यावर रंगाने कवटी काढली. चित्रकला बेताची. दादाने पातेलं बघितलं आणि विचारलं, "बटाटे उकडायला ठेवलेत का?" मग तिने खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: बटाटे नाहीत.

मग आला चुऱ्याचा नियम. कानशीने घासलेल्या चांदीचा चुरा इतकी वर्षं केरात जायचा. आता खोलीत येणाऱ्याने जाताना दारात उभं राहून चपलांचे तळ ब्रशने झाडायचे, झाडलेलं कागदावर घ्यायचं. हात धुतलेलं पाणी बादलीत, बादलीचा गाळ चाळणीत. एकदा पोस्टमन पत्र देऊन न झाडताच निघाला, तर ही ब्रश घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागे. "पाय वर करा! डावा! आता उजवा!" त्याला वाटलं, आपल्याला घोड्यासारखी नाल ठोकणार.

नवी चांदी घेणंही तिने बंद केलं. "चांदीसाठी डोंगर पोखरतात," ती एका संध्याकाळी एका दमात म्हणाली, "आणि इकडे घराघरांत मोडके चमचे, तुटक्या साखळ्या, एकेकटे राहिलेले कानातले नुसते पडून आहेत, कुणी बघत नाही, कुणी घालत नाही, कपाट उघडलं की खडखडतात तेवढेच, तेच वितळवून नवीन केलं तर बिघडलं कुठे?" आणि दारावर पाटी लावली: मोडकं आणा, घडवलेलं न्या. दागिना द्यायला प्लॅस्टिकची डबीही नको. वहिनीने दादाच्या त्या खाल्लेल्या पँटचे चारही खिसे उसवले, त्यांना दोऱ्या ओवल्या, आणि छान पिशव्या झाल्या.

"माझ्या खिशात लोकांचे दागिने," दादा म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदाच."

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो अंड्यांमुळे.

नक्षीच्या खोलगट रेषा उठून दिसाव्यात म्हणून चांदी मुद्दाम काळी करतात. त्यासाठी फुंकणीताई गंधकाचं एक औषध वापरायची. त्याच्या वासाने शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. तिला शोध लागला की उकडलेलं अंडं कुस्करून दागिन्यासोबत बंद डब्यात ठेवलं तर दोन-तीन तासांत तेच काम होतं. अंड्यातही गंधक असतोच. तिने करून पाहिलं. चांदी आधी पिवळसर झाली, मग तपकिरी, मग काळी. ती हरखली. पण दुकानातली अंडी येतात कुठून, तर लांबून, ट्रकमधून, धूर काढत. हे तिला पटेना. म्हणून तिने कोंबडी आणली.

कोंबडी तांबूस, गुबगुबीत, आणि स्वभावाने देखरेख करणारी. पहिल्याच दिवशी अंगणात चार फेऱ्या मारून तिने प्रत्येक कोपरा तपासला, वहिनीच्या बादलीत डोकावली, मान तिरकी करून दादाच्या बुटांकडे पाहिलं आणि नापसंती दाखवली. दादाने तिचं नाव ठेवलं मुकादम.

"ही माझ्या अंगणात घाण करणार," वहिनी म्हणाली.

"खत करणार," फुंकणीताई म्हणाली.

त्याच सुमारास न्यायाधीशबाई आल्या. होय, त्याच. पँट का फाटली याचा खुलासा दादाने शेवटी घाबरत घाबरत केला होता, आणि त्यातली पँट विसरून बाईंनी चांदीकामाचं तेवढं लक्षात ठेवलं होतं. त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांनी पिशवीतून एक काळवंडलेला कप काढला.

"कॉलेजात असताना मी सायकल सावकाश चालवायच्या शर्यतीत पहिली आले होते," त्या म्हणाल्या. "पन्नास मीटर अंतर. मी चार मिनिटं लावली. बाकीच्या सगळ्या आधीच पोचून हरल्या. आयुष्यात मी मिळवलेलं एवढं एकच बक्षीस. पण कप काही गळ्यात घालून फिरता येत नाही. याची माळ होईल का? निरोपाच्या समारंभात घालीन."

फुंकणीताईने कपाच्या तळाला कानस लावून पाहिली. अशा कपांवर सहसा नुसता मुलामा असतो. हा अस्सल निघाला. "होईल," ती म्हणाली. "एकेचाळीस मणी."

चांदीचे मणी करणं बघण्यासारखं असतं. कपाचे तुकडे कापून कोळशाच्या खळग्यांत ठेवायचे आणि वरून ज्योत. तुकडा आधी लाल होतो, मग थरथरतो, आणि एकाएकी स्वतःच अंग आवळून गोल होतो. मिरीच्या दाण्याएवढा. दोन दिवसांत तिने एकेचाळीस मणी पाडले, लिंबूसत्त्वात स्वच्छ केले, धुतले. भोकं पाडायची बाकी होती. वाळवायला वीज कशाला जाळा, ऊन आहे की, असं म्हणून तिने ते ताटात घालून अंगणात ठेवले आणि ती हात धुवायला आत गेली.

परत आली तर ताटात तीस.

तिने परत मोजले. तीस. ताटाखाली पाहिलं, गटारावर जाळी होती ती उचलून पाहिली, अंगण गुडघ्यांवर रांगत चाळलं. वहिनीला चपला झाडायला लावल्या, मग केस. दादाला आंघोळीतून बाहेर बोलावून त्याचे कान तपासले.

"मी कानात कशाला घालीन?" दादा ओरडला.

"लहानपणी वाटाणा घातला होतास!"

एवढ्यात ताटावर टक्‌ असा आवाज झाला. तिघांनी वळून पाहिलं. मुकादम ताटाच्या कडेवर उभी होती. तिने एक मणी चोचीत धरला, मान वर केली, आणि तो घशाखाली उतरताना तिघांनाही दिसला. मग तिने पुढच्या मण्याची निवड सुरू केली.

तिघंही एकदम धावले. दादाने कोंबडी पकडली, पालथी केली आणि हलवली. मुकादमने जे काही बोलायचं ते बोलून घेतलं, पण मणी एकही पडला नाही. ताटात आता एकोणतीस. म्हणजे बारा आत.

"सोड तिला!" फुंकणीताई ओरडली, आणि कोंबडी छातीशी धरून तशीच जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली. वाटभर तिच्या मनात एकच गोष्ट. ओढ्यातल्या अनोळखी बदकांसाठी आपण सगळं घर उलथंपालथं केलं, आणि स्वतःच्या कोंबडीला खायला घातली ती चांदी.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने मुकादमचा एक्स-रे काढला आणि फिल्म खिडकीला लावली. पोटाच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचा घोस.

"कोंबडीला दात नसतात," तो म्हणाला. "म्हणून ती खडे गिळते. पोटात एक दणकट पिशवी असते, तिच्यात ते खडे राहतात आणि दाणा दळतात. हिला तुमचे मणी खड्यांपेक्षा बरे वाटले. गोल आहेत, गुळगुळीत आहेत, कुठे टोचणार नाहीत. शिसं वगैरे नाही ना त्यात?"

"शुद्ध चांदी आहे. मी स्वतः वितळवलीय."

"मग चिंता नाही. पण हे तेरा आहेत."

"बारा."

"तेरा. आणि हा तेरावा मणी नाही, हूक आहे."

फुंकणीताईने डोळे बारीक करून पाहिलं. पँटच्या कमरेचा हूक होता. आठवडाभर दादा कमरेला सेफ्टी पिन लावून कोर्टात जात होता आणि वहिनीला बोल लावत होता.

"आता?" तिने विचारलं.

"एक तर पोट उघडायचं." डॉक्टरने मुकादमकडे पाहिलं. मुकादमने डॉक्टरकडे पाहिलं. "नाहीतर वाट बघायची. भरपूर स्वच्छ खडे खाऊ घाला. नवीन आत गेले की जुने हळूहळू बाहेर पडतील."

"किती दिवसांत?"

"ते तिच्या मनावर."

समारंभाला सोळा दिवस होते.

मग त्या घरात एक वेगळंच काम सुरू झालं. मुकादमसाठी कागद अंथरलेली मोठी टोपली आली. दिवसातून तीनदा कागद काढायचा, त्यावरचा ऐवज बादलीत धुवायचा, चुऱ्याच्या चाळणीतून गाळायचा. फुंकणीताई नाकाला फडकं बांधून हे करायची. दोन दिवस वहिनीने लांबून बघितलं, तिसऱ्या दिवशी तीही फडकं बांधून आली. "तुम्हाला नीट गाळता येत नाही, वन्सं. कडेला राहतंय." पाचव्या दिवशी चाळणीत टणत्कार झाला. पहिला मणी! वहिनीने इतक्या जोरात "आला!" म्हणून हाक दिली की शेजारच्या बाईला वाटलं दादा घरी आला, आणि तिने तिकडून विचारलं, "आज लवकर कसे?"

हूक सहाव्या दिवशी आला. दादाने तो परत घ्यायला नकार दिला.

फुंकणीताईने मात्र तो पहिला मणी हातात घेतला. ती तो खिडकीशी घेऊन गेली, भिंग लावलं. कोंबडीच्या पोटात दाण्यांशी आणि खड्यांशी घासून घासून मण्याची चकाकी पार गेली होती. त्या जागी एक मऊ, धुरकट उजाळा आला होता. कुठे बारीकशी चेप, कुठे कड झिजलेली. शंभर वर्षं कुणीतरी रोज गळ्यात घातलेला मणी जसा दिसेल, तसा. तीस वर्षं ती हे काम करत होती. असा हात तिला कधी साधला नव्हता.

"घासून चकचकीत करा म्हणजे झालं," वहिनी म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"हा चांगला आहे," फुंकणीताई म्हणाली.

"कोंबडीने केलाय!"

"म्हणून काय झालं? चांगला आहे."

आता उलटीच पंचाईत. आतून येणारे मणी असे, आणि ताटातले एकोणतीस नवे कोरे, चकचकीत. शेजारी ओवले तर दोन वेगळ्या माळा तोडून जोडल्यासारखे दिसणार. ते एकोणतीसही तसेच करायला हवे होते, आणि मुकादमला आणखी एक मणीही द्यायचा नाही ही तिची प्रतिज्ञा होती. मग कोंबडी जे पोटात करते ते बाहेर करायचं. तिने एक गोल, घट्ट झाकणाचा डबा घेतला. त्यात मणी घातले, अंगणातले बारीक खडे, मूठभर धान्य, थोडं लिंबूसत्त्वाचं पाणी. आणि हलवायला लागली. अर्ध्या तासात हात भरून आले. वहिनीने हलवला, दादाने हलवला. मण्यांवर काही परिणाम नाही.

"मोटर लाव एखादी," दादा म्हणाला.

"वीज नको."

फुंकणीताईची नजर अंगणातल्या दादाच्या सायकलवर गेली. दादाने तिची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि तो म्हणाला, "नाही."

दुसऱ्या दिवशी डबा सायकलच्या मागच्या चाकाच्या तारांना बांधलेला होता आणि दादा कोर्टाला निघाला होता. संध्याकाळी डबा उघडला, काहीच झालं नव्हतं. फुंकणीताईने सायकल उलटी करून चाक फिरवून पाहिलं, डब्याला कान लावला आणि गोम ओळखली. चाक जोरात फिरलं की मणी डब्याच्या एका बाजूला चिकटून बसतात. हळू फिरलं तरच गडगडतात.

"दादा, सावकाश चालव."

"किती सावकाश?"

"पडणार नाहीस इतकी."

आणि दादा सावकाश जायला लागला. त्याला माणसं चालत ओलांडून जायची. काठी टेकत जाणाऱ्या एका आजोबांनी त्याला मागे टाकलं आणि वळून "काही मदत हवीय का?" म्हणून विचारलं. कुत्री आधी भुंकली, मग कंटाळून निघून गेली. चाकातून खडखड, खडखड. कोर्टाच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचं अंतर कापायला त्याला तीन-तीन मिनिटं लागायची, आणि हे सगळं वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीतून दिसायचं.

पाचव्या दिवशी न्यायाधीशबाईंनी त्याला आत बोलावलं.

"मी तुम्हाला रोज बघतेय," त्या म्हणाल्या.

दादाचे हात आपोआप पाठीमागे, पँटकडे गेले.

"फाटकापासून इथपर्यंत तीन मिनिटं दहा सेकंद. उत्तम! पण तुम्ही ब्रेक दाबता. शर्यतीत ते चालत नाही. तोल खांद्यांनी सांभाळायचा." त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत खांदे हलवून दाखवले. "आणि ते काय वाजतं चाकात?"

दादाने अठ्ठावीस वर्षं कोर्टात काढली होती. न्यायाधीशांसमोर खोटं बोलणं त्याला शारीरिकदृष्ट्याच शक्य नव्हतं.

"तुमचा कप, मॅडम," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझा कप तुमच्या सायकलच्या चाकात का आहे?"

"सगळा नाही, मॅडम. काही भाग कोंबडीत आहे."

त्याच संध्याकाळी न्यायाधीशबाई घरी आल्या. अंगणात स्टूल मांडलं, त्यावर त्या बसल्या. समोर फुंकणीताई उभी, बाजूला फडक्यात गुंडाळलेले मणी, मागे वहिनी आणि दादा भिंतीला टेकून. टोपलीत मुकादम. फुंकणीताईने एक मोठा श्वास घेतला आणि पँट, तेजाब, बदक, लिंबूसत्त्व, अंडं, ऊन, ताट, एक्स-रे, चाळणी, डबा आणि सायकल, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "चूक माझी. ताट झाकायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर सगळे मणी परत वितळवून नवे पाडते, पण दिवस थोडे राहिलेत, आणि खरं सांगायचं तर माझा हात उचलणार नाही, कारण असे मणी मला पुन्हा करता येतील की नाही माहीत नाही."

"आत गेलेले बारा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बाहेर किती आले?"

"दहा."

"ते वेगळे काढून दाखवा."

फुंकणीताईने फडकं उलगडलं. सगळे एकत्र होते, एकोणचाळीस, सारखेच धुरकट, सारखेच मऊ. पाच दिवसांच्या सावकाश सायकलीने आपलं काम केलं होतं. तिने एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. "नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी एकेक मणी तळहातावर घेतला, चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. एक मणी ओठांच्या अगदी जवळ नेला, मग काहीतरी आठवून लांब धरला.

"धुतलेत ना?"

"उकळून," वहिनी मागून म्हणाली. "सात वेळा."

बाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग स्टूल डगमगेपर्यंत. त्यांना हसताना दादाने अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तो घाबरून पाणी आणायला पळाला.

"माळ एकोणचाळीसची करा," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "उरलेल्या दोन मण्यांचं प्रकरण प्रलंबित ठेवू. घाई नाही."

समारंभात त्यांनी ती माळ घातली. मधे मधे तारेच्या बारीक कड्या, त्यांत ते धुरकट मणी. माळ त्यांना मिळाली ती दादाच्या पँटच्या डाव्या खिशातून, आणि तेही त्यांनी भाषणात सांगितलं. कायद्याबद्दल त्या चार वाक्यं बोलल्या. कोंबडीबद्दल पंधरा मिनिटं. दादा शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला उभं राहायला सांगितलं गेलं, तेव्हा त्याने उठण्याआधी मागे हात लावून खात्री करून घेतली. टाळ्या झाल्या.

पुढच्याच आठवड्यात दारासमोर माणसं. कुणाच्या हातात मोडका चमचा, कुणाच्या हातात आजीचं एकटं राहिलेलं कानातलं. सगळ्यांना तसलेच मणी हवे होते. एका गृहस्थाने तर स्वतःची कोंबडी आणली होती. फुंकणीताईने त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि कोंबडीला पाणी पाजून पाठवलं. "कोंबडीला चांदी घालायची नाही," ती सगळ्यांना सांगायची. "ते एकदा चुकून झालं. आता सायकलवर होतं." मुकादमभोवती तिने जाळीचं छान अंगण करून दिलं. मुकादमला ते पसंत नव्हतं, पण तिला पसंत असलेली गोष्ट अजून कुणाला सापडलेली नव्हती. प्रलंबित दोघांपैकी एक मणी दोन महिन्यांनी चाळणीत सापडला. दुसरा अजून आतच आहे, आणि डॉक्टर म्हणतो तो तिला मानवलाय.

एका सायकलवर काम भागेना. आता त्या गल्लीत सहा सायकलींच्या चाकांना डबे आहेत. एक पोस्टमनची, एक दूधवाल्याची, एक न्यायाधीशबाईंची. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी तासभर सायकल चालवतात आणि जेमतेम चौकापर्यंत पोचतात. मण्यांचा सगळ्यात चांगला उजाळा त्यांच्याच चाकात येतो. त्यावरून दादाचा आणि त्यांचा वाद आहे. दादाचं म्हणणं असं की रस्त्यात खड्डेही हवेत, आणि ते त्याच्या वाटेवर जास्त आहेत.

काम वाढल्यावर वहिनीने एक दिवस शिलाई मशिनवर झाकण घातलं आणि ती मागच्या खोलीत आली. "मलाही शिकवा, वन्सं," ती म्हणाली. फुंकणीताईने तिला कोळशासमोर बसवलं, चांदीचा तुकडा खळग्यात ठेवला, फुंकणी हातात दिली. वहिनीने गाल फुगवले, फुंकर मारली, राख उडाली ती दोघींच्या तोंडावर. चौथ्या खेपेला तुकडा लाल झाला, थरथरला आणि गोल व्हायच्या ऐवजी लांबट, मधे बसका, शेंगदाण्यासारखा होऊन थिजला.

"बिघडला," वहिनी म्हणाली.

फुंकणीताईने तो चिमट्यात धरून उजेडाकडे नेला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि परत खळग्यात ठेवला.

"तोच परत वितळव," ती म्हणाली. "नाकाने श्वास घे."